मिलच्या भिंतीचं टेबल

बाथरूमच्या भिंतीला लावायची पांढरी टाईल डोळ्यांनी तपासतात, असा लोकांचा समज असतो. रंगातला फरक, ठिपके, वाकलेली कड डोळ्यांना दिसते, हे खरं. पण केसाएवढी चीर भट्टीतच पडते आणि चकाकीखाली लपून बसते. ती फक्त ऐकू येते. टाईल डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर मारायचं. चांगली टणकन वाजते, चिरलेलीचा आवाज बसका येतो.

ऐंशीच्या सुमारास मी बोईसरच्या एका कारखान्यात प्रतवारीचा सुपरवायझर होतो. माकुणसारच्या बागायतदाराचा मुलगा, हातात डिप्लोमा आणि डोक्यात हवा. हाताखाली सहा बायका होत्या. त्यांतली एक मनोरकडच्या पाड्यावरची. तिला सगळे मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. कामाला बसताना ती उजव्या हातातल्या बांगड्या वर सरकवून त्यांवर फडकं गुंडाळायची, म्हणजे किणकिण मध्ये येत नसे. तिने पहिल्या प्रतीत घातलेली पेटी मी उघडूनही बघत नसे.

मग नवी मिल आली. लोखंडी पिंपात माती आणि दगडगोटे घालून ते दिवसभर गरगर फिरवायचं, असा तो प्रकार. जागा कमी पडली तेव्हा मावशीचं टेबल मी मिलच्या भिंतीला लावलं. तिथून भट्टीची गाडी जवळ पडत होती.

"साहेब, इथं लय आवाज हाय," ती म्हणाली. "टाईल काय बोलते कळत नाय."

"मावशी, तुम्ही इथे बसून मनोरच्या बाजारातली कुजबुज ऐकाल!"

बायका हसल्या, तीही हसली. मला वाटलं, विषय संपला.

दोनेक वर्षांनी एका दुकानदाराने तीन पेट्या परत पाठवल्या. टाइल्स भिंतीवर बसवतानाच तडकत होत्या. आतल्या चिठ्ठ्यांवर मावशीचा नंबर होता. मॅनेजर म्हणाले, बाईला ठेवायची की काढायची ते संध्याकाळपर्यंत लिहून द्या.

मी पाच टाइल्स निवडल्या, त्यांतल्या दोन चिरलेल्या, आणि तिला केबिनमध्ये बोलावलं. तिने एकेक वाजवली आणि नेमक्या त्या दोन बाजूला काढल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी खुशीत चहा मागवला.

चहा पिताना मात्र एक गोष्ट खुपायला लागली. प्रत्येक टिचकीनंतर ती टाईलकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"पुन्हा एकदा, मावशी," मी हातवारे करत म्हणालो, टाइल्स मागेपुढे केल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून टण, टण आणि एक बसका आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग काहीच नाही. वळून पाहिलं तर पाचही टाइल्स एकाच थप्पीत होत्या आणि तिचे हात मांडीवर.

"तुमी तोंड फिरवू नका ना, साहेब," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघून कळतं मला."

"मग टेबलावर कसं करता?" मला ओरडावं लागलं. मिलजवळ सगळेच ओरडून बोलायचे, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बोटाला थरथर लागते. कधी लागते, कधी नाय."

मी कागद ओढून लिहिलं: वयोमानामुळे ऐकू कमी येतं, या कामास योग्य नाही. ती माझ्याहून वर्षाने लहान होती. टेबलाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, कारण ते तिथे कोणी लावलं हा प्रश्न आला असता. मला माझी लाज वाटत होती आणि तरी पेन थांबलं नाही.

तिने फडकं सोडलं. बांगड्या किणकिणत मनगटावर आल्या. "उद्या पेटीत पेंढा भरायला येऊ?" तिने विचारलं. मी पेनाला टोपण लावलं. तिने माझ्याकडे पाहिलं, फडक्याची घडी घातली आणि ती गेली.

सोमवारी त्याच टेबलावर मी दुसरी बाई बसवली. टेबल हलवलं असतं, तर का हलवलं, असं लोकांनी विचारलं असतं.