बारीक झालेले स्क्रू

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं जिन्याखालच्या त्या कपाटाएवढ्या दुकानात उजव्या डोळ्याला भिंग लावून आणि डावा मिटून बसले. त्या कामाची सवयच तशी. म्हणून डावा डोळा कधी गेला ते कुणाला कळलंच नाही, त्यांनासुद्धा नाही.

मग चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले. पहिल्यांदा निसटला तेव्हा म्हणाले, कंपन्यांनी स्क्रू मुद्दाम बारीक केलेत, दुरुस्तीवाल्यांना संपवायचंय त्यांना. गिऱ्हाईक आधीच आटलेलं. वेळ बघायला लोकांकडे फोन होते. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी एक स्क्रू उचलला, उजेडात धरला आणि म्हटलं, हो, बारीकच झालेत. कुठं शेण खायला गेली होती माझी अक्कल कोण जाणे. स्क्रू होता तेवढाच होता. पण नवऱ्याच्या तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायला जीभ रेटेना.

झालं. दिवसभर फोन कानाला. त्यातल्या व्हिडिओत कुणीतरी ठणकावून सांगायचा आणि हे मान डोलवायचे. तबकडीवरचे आकडे फिके छापतात, रस्त्यातले दिवे मंद ठेवतात, सगळ्यामागे म्हणे जग चालवणारे चार बडे मालक. हातचं काम गेलं, तर निदान कुणीतरी मुद्दाम काढून घेतलं असावं. आपोआप गेलं म्हटलं की माणसाकडं उरतं काय? हे मला कळत होतं, म्हणून तर संताप यायचा.

शेवटी ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, काचबिंदू आहे. डावा गेला, उजव्यातही शिरलाय, तो वाचेल, पण दिवसातून दोनदा थेंब घालायचे, जन्मभर. घरी येताना हे एवढंच पुटपुटले की जन्मभराचं औषध म्हणजे कुणाची तरी जन्मभराची सोय.

मी म्हटलं, थेंब मीच घालणार. आश्चर्य म्हणजे हे मुकाट्यानं मान मागं टाकायचे. वर्षभर एक वेळ चुकवली नाही मी. वाटलं, डोक्यातलं भूत उतरलं.

काल तपासणी होती. डोळ्यातला दाब वाढलेला बघून बाईंनी मलाच झापलं, थेंब बंद का केलेत? मी फणकारले. त्या म्हणाल्या, झोंबतात म्हणून कंटाळतात लोक. झोंबतात? ह्यांनी तर कधी पापणी हलवली नव्हती.

घरी येऊन एक थेंब स्वतःच्या डोळ्यात घातला. पाणी होतं, नुसतं नळाचं पाणी. प्रत्येक नव्या बाटलीचं टोक ह्यांनी घड्याळाचं झाकण उघडावं तसं हळूच उचकटलं होतं, औषध ओतून पाणी भरलं होतं. कुठं ओरखडासुद्धा नाही. अर्ध्या आंधळ्या माणसाचा हात तो.

मी रडले, कपाळ बडवून घेतलं. उजव्यातही आता खिडकीपुरता उजेड उरलाय, आणि गेलेलं परत येत नाही म्हणतात.

"अहो, निदान माझं तरी ऐकायचंत."

माझ्या आवाजाच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "तुझंच ऐकलं. स्क्रू तू पाहिलेस. तुझे डोळे चांगले आहेत."

"मी खोटं बोलले होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

ते हसले, अगदी मायेनं. माझा हात चाचपडून धरला.

"आता तुलाही पढवलं त्यांनी."