नाचणीच्या रंगाचा प्लग

माझ्या मेव्हण्याएवढा चक्रम माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो आहे. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मंचरच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्या तो कशाबशा उरकतो; जीव सगळा स्वतःच्या जुन्या लाल मोटारीत. तिच्या इंजिनाला त्यानं टर्बो लावला, पिस्टन बदलले, आणि आता ती आमच्या अवसरी गावात शिरली की गोठ्यातल्या म्हशी दूध चोरतात. गाडी लाल, पण डावीकडचं एक दार हिरवं. विचारलं तर म्हणायचा, "एकच तर रंग हाय, दाजी." मला वाटायचं, थट्टा करतोय.

त्याचं खरं वेड मात्र स्पार्क प्लगचं. मी सातवी नापास माणूस, पण त्याचं ऐकून ऐकून मला पाठ झालंय. अशा इंजिनात उष्णता जास्त, म्हणून साधा प्लग चालत नाही, थंड लागतो, म्हणजे उष्णता झटकन बाहेर टाकणारा. फार थंड घेतला तर काजळी धरते, गरम राहिला तर पिस्टनला भोक पडतं. कुठला बरोबर, हे घाट चढून प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघून ठरवायचं. त्यामुळं याच्या खिशात कायम प्लग. भाचीच्या लग्नात अक्षता म्हणून यानं मूठ उधळली आणि नवरदेवाच्या कपाळावर टेंगूळ आलं. लेण्याद्रीला गणपतीपुढं नारळाच्या जागी चार नवे प्लग ठेवले. पुजारी म्हणाला, "पावणं, हे फोडायचं कसं?"

आमची ही गेली त्याला वर्ष होत आलं. मी चारचौघांत रडलो नाही, त्याला लोकांनी नावं ठेवली. हा मात्र गॅरेजला कुलूप लावून बसला. आणि गेल्या महिन्यात भर दुपारी माझ्या ओट्यावर आला, फडक्यात तीन प्लग बांधून.

"दाजी, रंग सांगा. तुमी न्हाई म्हनलात तर उद्या गाडी भंगारात घालतो."

"तुला काय डोळे नाहीत?"

"डोळे हायत, रंग कळत न्हाई. लाल, हिरवा, तपकिरी, राखाडी, सगळं मला एकच. जन्मापासनं. चहावाल्याला विचारून एक संच बसवला, पिस्टनला भोक पडलं. आता पिस्टन नवा टाकलाय. तीन जातीचे प्लग घालून तीनदा घाट चढून आलो. ह्यातला बरोबर कुठला, ते सांगणारं कुनी न्हाई राहिलं."

"मग इतकी वर्षं कोण सांगायचं?"

"आक्का."

मी खाली बसलो. "ती कुठं भेटायची तुला?"

"गाडीतच की. दर संकष्टीला."

माझी बायको संकष्टीला बायकांबरोबर जीपनं लेण्याद्रीला जायची, असं मी समजत होतो. प्रसाद घरी यायचा.

"दर्शन घ्यायची, मंग आमी तळेघरचा घाट चढायचो," तो म्हणाला.

"अरे, स्कूटर जरा पळवली तर ती माझा सदरा धरून ओरडायची."

"माझ्या गाडीत म्हनायची, दाब रं अजून."

एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई मला ठाऊकच नव्हती.

"मला का सांगितलं नाही?"

"तुमी घाबराल म्हनायची. लहानपनी एसटी नसायची, तळेघरपासनं सगळा घाट आक्का मला कडेवर घेऊन चालायची. तवाच म्हनलं व्हतं, मोठा झालो की तुला पळवत नेईन."

"आणि रंग कसा सांगायची?"

"प्लग हातात घ्यायची. पांढरा असला तर म्हनायची, कच्ची हाय. काळा असला तर, करपली. आनि बरोबर असला तर, नाचणीची झाली, उतरव तव्यावरनं. मंग तो प्लग पक्का."

तिच्या नाचणीच्या भाकरीला मी जन्मभर नाक मुरडलं. ताटात आली की म्हणायचो, माती वाढलीस का. ते तीन प्लग मी उजेडात धरले. पहिला राखाडी पांढरट, दुसरा राखाडी काळपट. तिसरा हातात घेतला आणि पुढचं बराच वेळ दिसेना.

"उतरव तव्यावरनं," मी म्हणालो.

मेव्हण्यानं फडकं तोंडाला लावलं. भंगारवाला आला नाही.

परवाच्या संकष्टीला त्यानं माझ्यासाठी ते हिरवं दार उघडलं. आतली सीट पार पुढं ओढलेली होती, बुटक्या बाईच्या पायांच्या बेताची. तो ती मागं सरकवायला वाकला. मी म्हणालो, राहू दे. आणि घाट संपेपर्यंत गुडघे दुमडून तसाच बसलो.