गच्चीवरची खुर्ची

दर पंधरा दिवसांनी ती बस्सीहून बसने येते आणि दुर्गापुऱ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरची सोलर पॅनेलं धुते, तपासते. चपला जिन्यातच काढते. पोराचा ताप बघावा तसा प्रत्येक पॅनेलला हात लावते आणि स्वतःशीच "हाँ जी, हाँ जी" पुटपुटते. आयटीआय झालेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटू नये, इतका मला तिचा हेवा वाटतो.

मी एम.एस्सी. पप्पांची रेल्वेतली नोकरी बघत वाढले. सरकारी परीक्षांच्या तयारीचं हे माझं चौथं वर्ष. परवा गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून शाश्वत विकासाची सतरा ध्येयं घोकत होते. सातवं, स्वच्छ ऊर्जा. अगदी तोंडपाठ! आणि समोर ती फडकं पिळत होती.

"दीदी, कुर्सी थोड़ी खिसका लो," ती म्हणाली. "आपकी परछाईं एक पैनल पे भी पड़े ना, तो पूरी लाइन की बिजली कम हो जाती है."

मी उठले, तर तिनेच खुर्ची उचलून टाकीपलीकडे नेऊन ठेवली. "यहाँ धूप भी अच्छी है. आराम से पढ़ो."

तिथे ऊन खरंच छान होतं.

ती जिना उतरून गेली. मग मी खुर्ची पुन्हा जागेवर आणली, आणि सावली पॅनेलवर पडतेय ना, हे बघूनच बसले.