केनवडची पुस्तकांची खोली आणि माझं एक वाक्य

केनवडला जाऊन आले त्याला दोन महिने झाले. एरवी प्रवासातून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लिहायला बसते. या वेळी तीनदा बसले आणि तीनदा उठले. शेतातल्या पुस्तकांच्या खोलीबद्दल लिहिणार होतात त्याचं काय झालं, असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं. लिहिते. तिकडे जायचा विचार असेल तर जरूर जा, पण आधी हे शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात रिसोडच्या व्याख्यानात झाली. विषय माझा नेहमीचाच, वाचन. न वाचणारा माणूस दुसऱ्याच्या डोक्यानं जगतो, हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्याही पडल्या. मग प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून चाळिशीची एक बाई उठली.

“ताई, तुमी वाचा वाचा म्हणता. पन काय वाचू ते सांगा ना.”

मी माझी नेहमीची अकरा पुस्तकं सांगितली. ती उभीच राहिली.

“हे अकरा तं मांगच्या वर्षीबी सांगतले व्हते. माह्यापाशी अकराशे हायेत. त्यातलं काय वाचू?”

सभागृह हसलं. मीही हसले. तीस वर्षं मी बोलते आहे आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कार्यक्रमानंतर तिला गाठलं. नाव वंदना. केनवडजवळ शेत, दोन एकरांत भाजीपाला, बाकी तूर-सोयाबीन. आठवडी बाजारात भाजी विकता विकता रद्दीवाल्याकडची पुस्तकं ती उचलायला लागली. मग निवृत्त झालेले गुरुजी, बंद पडलेली वाचनालयं, कुणाच्या वाटणीत नको झालेली कपाटं असं करत बारा वर्षांत अकराशे पुस्तकं जमली. आता गावातल्या वीसेक बाया महिन्याला एक पुस्तक वाचायचं म्हणत होत्या. पहिली वीस मी निवडून द्यावीत, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. मोठ्या उत्साहात नाही, हेही सांगते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकोल्याहून एस.टी.त बसले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी काढू नका. पातूर सोडलं की घाट लागतो. पळस पेटल्यासारखा फुललेला असतो, डाव्या बाजूची खिडकी धरा. मी मात्र पळस फारसा पाहिला नाही. आमचा ड्रायव्हर एका हातानं गाडी वळवत कंडक्टरला परवाच्या बिबट्याची गोष्ट सांगत होता आणि मी समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून होते. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, “पह्यल्यांदाच चालल्या का?” मी या रस्त्यानं शंभरदा तरी गेले असेन. मेडशीला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा घेतला. तिथला चहा गोड असतो, आधीच सांगा. मालेगावला गाडी बदलली आणि बाराच्या सुमारास केनवडला उतरले. वंदनाचा नवरा गजानन भाजीची पिकअप घेऊन न्यायला आला होता.

घर गावाबाहेर, मळ्यातच. दारासमोर मेथीचे वाफे, पलीकडे वांगी, त्याच्या मागं हरभरा. एका ओळीत तीन खोल्या, वर टिनपत्रे. पहिलीत घर, दुसरीत नुकतीच काढलेली तूर पोत्यांत, तिसरीत पुस्तकं.

त्या खोलीबद्दल काय सांगू? लोखंडी मांडण्या, त्यावर पुस्तकं, मांडण्यांखाली पोत्यांत पुस्तकं, कोपऱ्यात दोन ड्रम भरून पुस्तकं. क्रम कसलाच नाही. कादंबरीला खेटून कोंबड्यांचे रोग. माझ्या अकरांपैकी तिथं दोनच होती. बाकीच्यांतली नव्वद टक्के मी पाहिलीही नव्हती. एका विहीर खणणाऱ्या माणसाची आत्मकथा सापडली. प्रकरणांना नावं नाहीत, नुसती विहिरीची खोली: दहा हात, वीस हात, पंचवीस हात. माणूस चंद्रावर जाण्याआधी कुणीतरी लिहिलेलं चंद्राबद्दलचं पुस्तक होतं, त्यात तिथं शेवाळ असावं असा लेखकाचा भरवसा. शेवटची पानं फाटलेली एक रहस्यकथा होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर कुणी पेन्सिलीनं स्वतःच खुनी ठरवून टाकला होता. एका सुईणीच्या आठवणी. बर्फाळ देशातल्या पोस्टमनची भाषांतरित कादंबरी. किन्हीराज्याकडच्या एका मास्तरांनी पदरचे पैसे घालून छापलेल्या कथा, ज्यांतली पहिलीच वाचून मी जमिनीवर बसले ती तासभर उठले नाही.

मला लाज वाटली. मग भीती वाटली. इतकं सगळं माझ्या नकळत लिहिलं गेलं होतं आणि मी गावोगाव अकरा नावं वाटत फिरत होते. आणि त्याहून वाईट म्हणजे पानांना हात लागेल तिथं भुसा पडत होता. पुस्तकं पोखरली जात होती. सुईणीच्या आठवणींना पाठीपासून पोटापर्यंत आरपार भोकं होती.

जेवायला भाकर, हिरव्या हरभऱ्याचा झुणका, ठेचा आणि वाफ्यातली कोवळी मेथी कच्चीच. वंदनाचे सासरे, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात, माझ्यासमोर पाटावर बसले होते. सत्तरीचे, काटक, थट्टेखोर.

“आमच्या सूनबाईनं रद्दीचं दुकान मांडलं, ताई,” ते म्हणाले. “तुरीले जागा नाई अन् कादंबऱ्याइले खोली.”

वंदना भाकरी थापता थापता म्हणाली, की रात्री त्याच कादंबऱ्या कोण वाचून घेते ते सांगा आधी ताईले. आबाजींना अक्षर दिसत नाही, म्हणून ती रोज त्यांना दोन पानं वाचून दाखवते, हे तेव्हा कळलं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण भोकं पडलेली ती पानं डोळ्यांसमोर होती आणि माझी जीभ सैल सुटली. पुस्तक मरतं तेव्हा एक माणूस दुसऱ्यांदा मरतो, वगैरे सगळं बोलले. व्यासपीठावरचाच आवाज लागला. शेवटी म्हणाले, “आबाजी, तुमच्या तुरीला अशी कीड लागली असती, तर असे मांडी घालून बसला असता का?”

आबाजी हसले नाहीत. घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग मान हलवली. मला वाटलं, बोललेलं लागू पडलं.

रविवारी सकाळी मी, वंदना आणि गजानन भाजी घेऊन बाजारात गेलो. आबाजी घरी थांबले. बायका दुपारी तीनला येणार होत्या. आम्ही बाराला परतलो तेव्हा आबाजी मळ्याच्या टोकाला पाणी देत होते. पुस्तकांच्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि उंबऱ्याशी ओलं पोतं गच्च दाबून ठेवलेलं. वंदनाला वाटलं, उंदरासाठी असेल. तिनं पोतं पायानं सरकवलं आणि मी आदल्या संध्याकाळी निवडलेली वीस पुस्तकं बाहेर काढायला आत गेली. मी हातपाय धुवायला गेले. तिथंच गजाननशी भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिले, दहा-पंधरा मिनिटं तरी.

मग मी दाराशी गेले. आत लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास. वंदना ड्रमला टेकून बसली होती. डोकं धरलं, म्हणाली. मी तिच्या शेजारी बसून पुस्तकं गोळा करू लागले. हो, बसले. वास येत होता, तिचं डोकं दुखत होतं, आणि मी तिला सुईणीचं पुस्तक कुठं ठेवलं ते विचारत होते. दोनेक मिनिटांत माझ्याही छातीत काहीतरी आवळलं.

मळ्यातून आबाजींची हाक आली. मी आजवर माणसाच्या गळ्यातून असा आवाज ऐकलेला नाही. ते धोतर सावरत वाफे तुडवत येत होते.

“बाहीर या! बाहीर या पोरीहो, आत गोळ्या हायेत!”

तुरीच्या साठ्यात किडीसाठी ठेवतात त्या गोळ्या. त्यातून हळूहळू विषारी वायू सुटतो. खोली बंद करायची आणि दिवसच्या दिवस आत पाऊल टाकायचं नाही, हे या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. आबाजींनाही ठाऊक होतं. आम्ही तीनच्या आत बाजारातून येणार नाही असं त्यांनी धरलं होतं, आणि बायका जमल्या की सांगू म्हणून ते निवांत होते. पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये, पोत्यांमध्ये, ड्रमांमध्ये त्यांनी त्या ठेवल्या होत्या, तुरीत ठेवतात तशाच, मोजून-मापून.

गजाननने वंदनाला उचलून बाहेर आणलं. ती अंगणात ओकली. ओठ पांढरे पडले होते. पिकअपमध्ये भाजीच्या रिकाम्या क्रेटच्या मध्ये आम्ही तिला टेकवून बसवलं आणि मालेगाव गाठलं. तिथं डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून लगेच वाशीमला पाठवलं. माझी मळमळ दोन तासांत ओसरली. तिची नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की या विषावर उतारा असा नाही. श्वास आणि हृदय सांभाळायचं आणि वाट पाहायची. उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही.

मी दवाखान्यातल्या बाकावर जशी घाबरले तशी आयुष्यात कधी घाबरलेली नाही. धमक्या आल्या आहेत मला, सभा उधळल्या गेल्या आहेत. तेव्हा भीतीबरोबर राग असायचा, आणि रागाला धरून उभं राहता येतं. इथं राग कुणावर करू? भिंतीपलीकडच्या यंत्राचा आवाज येत होता. तो मध्येच लांबला की मी उठून उभी राहत असे. गजानन माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सोबत आलेले आबाजी आत यायलाच तयार नव्हते. फाटकापाशी जमिनीवर उकिडवे बसून होते. मी जाऊन शेजारी बसले.

“तुमीच तं म्हणल्या ताई, तुरीले लागली असती तं बसलो असतो का,” ते म्हणाले. त्यात ठपका नव्हता. ते मला हिशेब समजावून सांगत होते, स्वतःलाही. “म्हनून तुरीले करतो तेच केलं.”

 माझं वाक्य त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खरं मानलं होतं. मी ते टाळीसाठी बोलले होते आणि ते उठून कामाला लागले होते.

संध्याकाळी दोन मिनिटं आत सोडलं. वंदनाच्या तोंडावर मास्क. तिनं तो बोटानं थोडा वर केला आणि आबाजींना कुणी बोलायचं नाही, एवढं नवऱ्याला बजावलं. मग माझ्याकडे वळली.

“तुमीबी बोलू नका, ताई. लई बोलता तुमी.”

 दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. आणखी एक रात्र ठेवून मंगळवारी सोडलं. गजानन तेव्हा कुठं मला म्हणाला, चहा घ्या.

मळ्यात पोचलो तर अंगण ओळखू येईना. आबाजी सोमवारी सकाळीच परतले होते. कृषी केंद्रातल्या माहीतगार माणसाला बोलावून त्यांनी दारं-खिडक्या उघडल्या होत्या, गोळ्यांची राख त्याच्या देखरेखीखाली शेतात खोल पुरली होती, आणि खोली मोकळी झाल्यावर गड्यांकडून सगळी पुस्तकं उन्हात काढून घेतली होती. सोयाबीन वाळवायच्या ताडपत्र्यांवर, खाटांवर, पिकअपच्या जुन्या टायरांवर, जिथं तिथं पुस्तकं उघडी. शेळ्या येऊ नयेत म्हणून आबाजी काठी घेऊन कडेला उभे. आणि मध्ये बायका. रविवारी ज्या आल्या आणि परत गेल्या, त्या वंदनाला पाहायला आल्या होत्या आणि उभ्या उभ्या पुस्तकं चाळत होत्या.

माझी वीस कुठं आहेत, ते मलाच सापडेना. एक म्हातारी चंद्राचं पुस्तक छातीशी धरून बसली होती, आतली चित्रं पाहून. एका नव्या सुनेनं शेवट नसलेली रहस्यकथा घेतली, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेला खुनी चुकीचा आहे असं दुसरीला समजावून सांगत होती. कोंबड्यांच्या रोगांवर दोघींचं भांडण जुंपलं होतं. मी निवडलेल्यांतली जेमतेम चार उचलली गेली, तीही मी निवडली म्हणून नव्हे. वंदना गाडीतून उतरली तशी सगळ्या उठून तिच्याकडे धावल्या.

आबाजी धावले नाहीत. ते पुस्तकांना हातही लावत नव्हते. घसरलेलं एखादं सरळ करायचं तर काठीच्या टोकानं करत. वंदना हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेली, विहीर खणणाऱ्याचं पुस्तक उचललं आणि त्यांच्यापुढं केलं.

“धरा. आज रातच्याले हे वाचू.”

त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी ते घेतलं.

जाणार असाल तर काही सूचना. पुस्तकांना कीड लागली तर ऊन द्या, वाळलेला कडुनिंब ठेवा, हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. धान्यातलं औषध घरात आणू नका. आणि वंदनाला फोन न करता जाऊ नका, बाजाराच्या दिवशी ती नसते. निवडून देण्याचा आव मात्र आणू नका. दिवसभर उन्हात बसा आणि चाळा.

मी अकोल्याला परतले. मास्तरांच्या कथा आणि सुईणीच्या आठवणी सोबत आणल्या, वाचून परत पाठवल्या. वंदनाला बांध चढताना अजून थोडी धाप लागते, असं गजानन फोनवर सांगतो. फोन वाजला आणि त्याचं नाव दिसलं की अजूनही मी हातातलं काम टाकून आधी तो उचलते.

मागच्या आठवड्यात इथल्याच एका व्याख्यानमालेत बोलत होते. विषय चांगला होता, श्रोते भरपूर, आवाज लागला होता. एका जोरदार वाक्यावर टाळ्या पडल्या आणि पहिल्या रांगेतले पांढऱ्या टोपीतले एक आजोबा माझ्याकडे पाहत आबाजींसारखी सावकाश मान हलवू लागले. मी पुढचं वाक्य सोडून दिलं. टाळ्या थांबल्या. माइक बाजूला करून मी त्यांना विचारलं, “बाबा, घरी गेल्यावर तुम्ही काय करणार?”

ते गोंधळले. मागं वळून पाहिलं, आपल्यालाच विचारलं का म्हणून.

“काई नाई,” ते म्हणाले, “जेवन करीन अन् झोपीन.”

सगळे हसले. मी खुर्चीचा हात धरून उभी राहिले, घोटभर पाणी प्याले आणि पुढं बोलू लागले, जरा हळू.