लेकीचे शब्द डी डिस्कवर

माझी लेक बोलत नाही. तिला ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, पण तोंडातून शब्द कधी फुटलेला नाही. सहा वर्षांची होईपर्यंत तिच्या डोळ्यांवरून आणि हातवाऱ्यांवरून अंदाज बांधत आम्ही दिवस काढले. एकदा ती सतत भिंतीवर डोकं आपटत होती. आम्हाला वाटलं, हट्ट करते आहे. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली तेव्हा कळलं, आत पू झाला होता.

त्यानंतर गोव्यात पणजी शहरातल्या थेरपिस्ट बाईंनी टॅब सुचवला. त्यातल्या ॲपमध्ये चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि त्यामागे एक शब्द. बोट लावलं की टॅब तो शब्द बोलतो. पण ॲपमधला तयार आवाज कुठल्यातरी विमानतळावरचा वाटायचा, आणि आमच्या घरात बोलतात ती मालवणी त्याला येतच नव्हती. म्हणून मी चौकोन स्वतः तयार करायला घेतले. फोटो आमच्याच घरातले आणि आवाज शेजारच्या मुलीचा. ती तेव्हा माझ्या लेकीच्याच वयाची होती. रोज संध्याकाळी पडवीवर बसून ती न कंटाळता बोलायची, "माका पेज व्हयी." "आजो खंय गेलो?" "माका भिया वाटता." तीन वर्षांत त्या टॅबमध्ये आमचं अख्खं घर गोळा झालं. पुढे त्या शेजाऱ्यांची बदली बेळगावला झाली. मुलगी मोठी झाली, तिचा आवाजही बदलला. माझ्या लेकीचा आवाज मात्र तोच राहिला, कारण तो टॅबमध्ये होता.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी टॅब पुसताना काच एका कडेला वर आल्यासारखी वाटली. बोटाने दाबली तर ती थोडी खाली गेली आणि परत वर आली. पाठीमागे हात फिरवला, तर तिथेही फुगवटा होता.

मी तशीच कुडाळला गेले. स्टेशनकडच्या रस्त्यावर दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदाराने टॅब टेबलावर आडवा ठेवला, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितला आणि हात मागे घेतला.

"बॅटरी फुगली," तो म्हणाला. "ह्यो आता चार्जिंगाक लावू नकात."

"बॅटरी बदलून देशात?"

"काच चिकटवलेली आसा. उघडताना खंय टोचला तर हयच पेट घेईत. मी हात लावूचंय नाय. नवो घेवा."

मी त्याला आत काय आहे ते सांगितलं. त्याने टॅब जपून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "आतला काय व्हया असात तर आजच काढून घेवा. पण कॉम्प्युटराक लावलात तरी थोडो चार्ज होतलोच. लावा म्हणान मी सांगूचंय नाय. लावलातच तर घरात नको. बाहेर, दगडार ठेवा. बाजूक रेती ठेवा."

परतीच्या गाडीत मी टॅब मांडीवर घेतला नाही. पिशवीत गुंडाळून पायांजवळ ठेवला, आणि मालवणपर्यंत त्या पिशवीवरून माझी नजर हटली नाही.

घरी सासरे होते. माझा नवरा बोटीवर असतो. तो त्या वेळी खोल समुद्रात होता, फोन लागणं शक्य नव्हतं. सासऱ्यांना मी सगळं सांगितलं. ते काही न विचारता बादली घेऊन किनाऱ्याकडे गेले आणि कोरडी रेती भरून घेऊन आले. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फणसाच्या सावलीत बांधकामातून उरलेले चिरे पडले होते. त्यातल्या एका सपाट चिऱ्यावर त्यांनी टॅब ठेवला. लेकीला त्यांनी पडवीवर आपल्या कुशीत धरलं. तिला टॅब दिसत होता, आणि तो तिला का देत नाहीत ते कळत नव्हतं. तिने ओरडायला सुरुवात केली. तिच्या ओरडण्यात शब्द नसतात. 

मी लॅपटॉप बाहेर आणला, केबल जोडली, टॅबवर पासवर्ड दाबला, त्यातला शेवटचा आकडा दोन-तीनदा दाबल्यावर लागला, आणि बॅकअप सुरू केला. पट्टी हळूहळू भरत होती. अर्ध्याच्या जवळपास आली आणि थांबली. पाटी आली की संगणकावर जागा पुरेशी नाही.

मी झटकन केबल काढली. टॅबला हात लावला तर कोमट होता. काचेची फट सकाळपेक्षा रुंद झाल्यासारखी वाटली.

पुण्याला माझा धाकटा भाऊ संगणकाचं काम करतो. त्याला फोन लावला. आमच्याकडे रेंज मिळते ती तुळशीपाशी, म्हणून फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि लॅपटॉप घेऊन तिथेच मातीत बसले.

"सी डिस्क भरली आसा," मी म्हटलं. "डी रिकामी आसा. बॅकअप डीवर घे म्हणान तेका खंय सांगूचा?"

"सांगूक येणा नाय, ताई. ह्या प्रोग्रामात जागा बदलूची सोयच नाय. तेका फसवूक व्हया."

"म्हणजे?"

"आता बॅकअप ज्या फोल्डरात जाता, तेचा नाव बदल. डीवर एक नवो फोल्डर कर. मगे जुन्या जागेर, जुन्याच नावान, एक खोटो फोल्डर करूचो. तो नुसतो डीकडे बोट दाखवता. प्रोग्रामाक वाटतला आपण थंयच ठेवतंव, आणि सगळा जातला डीवर."

"सीवरची माझी शाळेची कामा पुसून टाकलंय तर?"

"तितक्यान भागाचा नाय. आणि घाईत भलताच कायतरी पुसशीत. माझा आयक."

उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसेना. मी डोक्यावरून टॉवेल घेऊन त्याच्या अंधारात वाचू लागले. भावाने सांगितलेला फोल्डर लपवलेला होता. तो आधी दिसता करावा लागला. मग एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा असं उघडत मी बॅकअपच्या फोल्डरपर्यंत पोचले. आत नवऱ्याच्या फोनचा जुना बॅकअप होता. तो तसाच ठेवून फोल्डरच्या नावापुढे 'जुना' लावलं. डीवर नवा फोल्डर केला. मग तो काळा चौकोन उघडला, जिथे संगणकाला हुकूम लिहून द्यावे लागतात. भाऊ एकेक अक्षर सांगत होता, मी लिहीत होते. एन्टर दाबलं, तर उत्तर आलं की जागा सापडत नाही.

"काय लिवलंस ता वाच."

मी वाचलं.

"नावात मधी मोकळी जागा आसा गो. दोन्ही बाजूंक अवतरणचिन्हा घाल."

घातली. पुन्हा चूक. यावेळी रेघ उलट्या बाजूला तिरकी झाली होती. पडवीवर लेक ओरडून ओरडून घोगरी झाली होती, आणि सासरे तिला थोपटत एकच वाक्य म्हणत होते, "आयेक काम करूक दी, बाय माझ्या, आयेक काम करूक दी." माझी बोटं घामाने कळांवरून घसरत होती. तिसऱ्यांदा लिहिलं. एन्टर.

यावेळी चूक आली नाही. फोल्डरच्या जागी फोल्डर दिसला आणि त्याच्या कोपऱ्यात छोटासा बाण.

"झाला," भाऊ म्हणाला. "लाव आता."

मी लॅपटॉप परत चिऱ्यापाशी नेला आणि केबल लावली. टॅबचा पडदा उजळला आणि पासवर्डचे आकडे आले. बॅकअप घ्यायचा तर ते टॅबवरच दाबावे लागतात. पहिले तीन लागले. मघाशी कसाबसा लागलेला चौथा आता लागेना. काच जिथे फुगून वर आली होती, तिथली उजवीकडची उभी पट्टी बोटाला दादच देत नव्हती, आणि चौथा आकडा नेमका त्या पट्टीत होता. हलकेच दाबला, घासून बघितला. जोराने दाबायची हिंमत नव्हती. एव्हाना एक गोडसर, औषधासारखा वास यायला लागला होता.

"काय झाला?" भावाने विचारलं.

मी तोच आकडा हलक्या बोटाने पुन्हा पुन्हा घासत राहिले.

तेवढ्यात लेक सासऱ्यांच्या हातांतून सुटली. मी "नको!" म्हणून ओरडेपर्यंत ती चिऱ्यापाशी पोचली होती. तिने दोन्ही हातांनी टॅब धरला आणि केबलसकट उलटा फिरवला. वरची बाजू खाली, खालची वर. पडदाही फिरला. आकडे पुन्हा सरळ झाले, पण फुगलेली पट्टी आता डावीकडे गेली होती, आणि तो एक आकडा उजवीकडे, धड काचेवर आला होता.

सासऱ्यांनी तिला कमरेत धरून उचललं आणि मागे नेलं. मी चारही आकडे पुन्हा दाबले. लागले.

ती काय करत होती ते मला तेव्हा समजलं. त्या आठवड्यात ती टॅब सारखा उलटा करायची. मला वाटायचं, खेळते आहे, मी तो परत सरळ करून द्यायचे. पट्टीखाली अडकलेल्या शब्दांपर्यंत पोचायला तिने शोधलेली ती वाट होती. आणि ते आम्हाला सांगायचं तर सांगणार कशाने?

पट्टी पुन्हा भरायला लागली. मी डी डिस्क उघडून मोकळी जागा बघत राहिले. ती कमी होत होती, सीची होती तेवढीच होती. म्हणजे शब्द खरोखर तिकडे जात होते. अर्धी पट्टी झाली, जिथे मघाशी थांबली होती ती जागाही ओलांडली. वास वाढला. सासऱ्यांनी लेकीला घरात कोंडून बाहेरून कडी घातली आणि बादली उचलून चिऱ्याजवळ उभे राहिले.

"बाबांनु, तुमी मागे रवा."

"तू मागे रव," ते म्हणाले. "माझा काय आता."

दोघंही हललो नाही. टॅबच्या कडेला बारीक 'टक्' असा आवाज झाला आणि काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. मी केबलकडे हात नेला आणि पट्टीकडे बघितलं. थोडीच उरली होती. हात तसाच हवेत राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पट्टी भरली, नाहीशी झाली, आणि बॅकअप पूर्ण झाल्याची खूण आली.

मी केबल ओढून काढली. सासऱ्यांनी टॅबवर सगळी बादली उपडी केली.

फोनवर भाऊ "ताई, गो ताई," करत होता. "झाला," एवढंच मी म्हटलं आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकून रडले.

नवा टॅब म्हापशाहून यायला काही दिवस गेले. ते दिवस वाईट होते. लेक घरभर टॅब शोधत फिरायची, कपाटं उघडायची, उशा उचलायची. मी फोनवर चित्रं दाखवून बघितली, तर तिने फोन ढकलून दिला. सासऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून ती त्यांच्या सदऱ्याला गच्च धरून ठेवायची. जेवणही तुटलं होतं. आणि मला रात्रंदिवस एकच भीती, की बॅकअप घेतला खरा, पण त्या खोट्या फोल्डरातून तो परत निघेल का?

निघाला. नवा टॅब जोडला, तेव्हा प्रोग्रामने नेहमीच्या जागी बघितलं आणि त्याला बॅकअप सापडला. टॅब बंद होऊन चालू झाला. ॲप उघडलं. सगळे चौकोन आपापल्या जागी होते. मी पेजेचा चौकोन दाबला आणि बेळगावला गेलेली ती मुलगी आमच्या माजघरात पुन्हा आठ वर्षांची होऊन बोलली. सासरे उठून बाहेर गेले.

लेकीला टॅब दिला. ती आता काय बोलेल, म्हणून मी तिच्या बोटाकडे बघत बसले होते. तिने पानं उलटली, तिसऱ्या पानावर थांबली आणि बोट ठेवलं.

"माका राग इलो."

पुन्हा दाबलं. "माका राग इलो." माझ्याकडे बघत, एकामागून एक, दाबतच राहिली. मी तिला थांबवलं नाही. म्हटलं, "होय गो. येवचोच राग."

तिचं दाबणं थांबलं तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या चौकोनांत टॅबचा चौकोनच नव्हता. इतके दिवस ती ज्याला शोधत होती, त्याचं नावच तिच्या शब्दांत कधी नव्हतं. मी टॅबचा फोटो काढला, नवा चौकोन केला. आवाज माझाच दिला, आता दुसरा नव्हताच. "माझो टॅब खंय?" तिने तो ऐकला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा एकदा ऐकला. मग चौकोन ओढून पहिल्या पानावर, पेजेच्या शेजारी नेऊन ठेवला आणि जेवायला चल म्हणून माझा हात ओढला.