गोदामाची चावी

कुलपं दुरुस्त करणाऱ्या काकांचा कुणावरच भरवसा नव्हता. स्वतः लावलेलं कुलूपही ते दोनदा ओढून पाहत. नाक्यावरच्या सभेत दोन नगरसेवक छोट्या दुकानदारांच्या सरकारी मदतीवरून हमरीतुमरीवर आले. एक म्हणाला, "मदतीची यंत्रं गोदामात आलीत, सगळ्यांना वाटणार!" दुसरा गरजला, "तुम्हीच गिळणार!"

काकू म्हणाल्या, "हा दुसरा बरा वाटतोय." काका नुसतं "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नगरसेवक काकांकडून गोदामाची जादा चावी करून घेऊन गेला. संध्याकाळी तीच चावी घेऊन दुसरा हजर.

"काका, ही जरा अडकतेय हो."

काकांनी आपल्याच हातची चावी ओळखली, दोनदा कानस मारली आणि परत दिली.

"घ्या साहेब. आता तुम्हा दोघांचंही काही अडणार नाही."