खांद्यावरचा तुंडू

"तुंडू खाली घे." बक्षीस द्यायला बसलेले रावसाहेब खुर्चीतूनच म्हणाले.

कप माझ्या गोलांनी जिंकला होता. तीन गोल. तिसरा असा हाणला की तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली, आणि देऊळ तिथून बारा मैल. गोलकीपर तो चेंडू अजून शोधतोय. मी घाम पुसत बक्षिसाला पुढं गेलो. खांद्यावर तुंडू, म्हणजे आपला पंचा. आमच्यासारख्यांनी मोठ्या लोकांसमोर तो काढून कमरेला बांधायचा, ही गावाकडची रीत. जिंकण्याच्या नशेत विसरलो.

रावसाहेब घरात मराठीच बोलणारे, मीही. त्यांचे पूर्वज तंजावूरच्या मराठा राजांच्या राजवाड्यात मानकरी, माझे तबेल्यात. साऱ्या गावासमोर म्हणाले, "याचा आजा आमच्या घोड्यांमागं पळायचा. पळणं रक्तातच आहे. यात याचं काय?"

लोक हसले. मीही हसलो. तुंडू कमरेला बांधला, वाकून कप घेतला.

ते माझंच हसू मानगुटीवर बसलं. पुढं सोळा वर्षं खेळलो. गोलसमोर एकटा सापडलो की कानात तेच, "यात याचं काय?" चेंडू आभाळात. लोक म्हणायचे, गुडघा गेला. मीही तेच सांगायचो. गुडघा कसला, बैलाचा होता माझा गुडघा.

आता मी तंजावुरात एका कॉलेजच्या मुलींच्या संघाचा सहायक प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षक रावसाहेबांचा भाचा. गेल्या शनिवारी मामा पाहुणे म्हणून आले. म्हातारे झालेत, आवाज तोच. भाचा माझ्या कानाशी लागला, "तुंडू काढ. मामांना चालत नाही."

आणि मी काढला. कमरेला बांधला. हातानं मला विचारलंसुद्धा नाही.

समोर आमची स्ट्रायकर सेल्वी. तिनं माझ्याकडं पाहिलं, गळ्यातला टॉवेल काढला, कमरेला गुंडाळला. मग दुसरीनं. मग अकराही जणींनी. त्यांना वाटलं, सरावाचाच काही प्रकार. मी करीन तसं करायचं, हे मीच तर शिकवलेलं.



मी तुंडू सोडला, खांद्यावर टाकला. "टॉवेल वर घ्या," म्हटलं. "सगळ्यांनी."

रावसाहेब बघत राहिले. मीही बघत राहिलो.

भाचा म्हणाला, "सोमवारपासून येऊ नकोस."

येणार. सकाळी सहाला, गेट उघडायच्या आधी. हाकलायचं असेल तर अकरा मुलींसमोर हाकला. आणि कारण मोठ्यानं सांगा.